केंब्रिजचं गोल चर्च बघून आले, पण ते गोलच का?

खानापूरची_चित्रकलाबाई

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस वाचतेय, लिहितेय मात्र पहिल्यांदाच. मुलगी केंब्रिजला शिकते म्हणून मे महिन्यात तीन आठवडे तिच्याकडं राहून आले. कॉलेजं, नदी, होड्या सगळं बघून झालं, पण मनातून जात नाहीय ते ब्रिज स्ट्रीटवरचं एक छोटं गोल चर्च. राउंड चर्च म्हणूनच सगळे ओळखतात, खरं नाव होली सेपल्कर. बाहेरून बघितलं तर आपल्याकडं भाताच्या पिंजराची गंजी रचून वर टोक काढतात ना, अगदी तसा आकार, फक्त दगडात. आत गेलं की मधे आठ खांब गोलात उभे, इतके जाड की माझ्या कवेत मावणार नाहीत आणि उंचीला मात्र ठेंगणे, त्यांच्यावर अर्धगोल कमानी, त्यावर सज्जा, सज्जालाही तशाच पण जोड-कमानी, आणि खांब आणि बाहेरची भिंत यांच्यामधून चालायला गोल वाट.

त्या वाटेनं मी न कळत डावीकडून निघाले आणि पूर्ण फेरी मारून परत दारात आले. मुलगी म्हणाली आई, इथं प्रदक्षिणा घालत नाहीत. मी म्हटलं अगं मग ही वाट कशाला ठेवलीय? तिला सांगता आलं नाही आणि मलाही. आपल्या बेळगावच्या कॅम्पातलं सेंट मेरी चर्च मी लहानपणापासून बघतेय, ते लांबट आहे, दारातून आत गेलं की नजर सरळ समोर वेदीवर जाते. इथं नजर जायची कुठं तेच कळत नाही, ती फिरतच राहते.

तर माझे प्रश्न असे की चर्च गोल बांधायचं कारण काय, त्या जुन्या काळी वरचं छप्पर कसं पेललं असेल, आणि आपल्या देशात असं गोल चर्च कुठं आहे का? नववीच्या मुलांना दाखवायला स्केच करून आणलंय, पण स्केचबरोबर चार गोष्टी नीट सांगता आल्या पाहिजेत म्हणून विचारतेय.

कॅम्प_बेळगाव

बाई, तुमचे पाय बरोबर वाटेनं गेले बघा. ती वाट फिरण्यासाठीच आहे.

सेपल्कर म्हणजे कबर. होली सेपल्कर म्हणजे यरुशलेमात प्रभू येशूला जिथं ठेवलं आणि जी तिसऱ्या दिवशी रिकामी सापडली ती कबर. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइन बादशहानं त्या जागेवर मोठं बांधकाम केलं, ३३५ साली त्याचं समर्पण झालं. कबरीच्या भोवती जो गोल भाग उभा राहिला त्याला ग्रीकमध्ये अनास्तासिस म्हणतात, म्हणजे पुनरुत्थान. गोल का, तर रोमन लोकांत मोठ्या माणसाची समाधी गोल बांधायची रीत आधीपासूनच होती, हेड्रियन बादशहाची समाधी रोममध्ये नदीकाठी अजून उभी आहे ती गोलच आहे. मधे कबर, भोवती खांब, खांबांच्या मागून यात्रेकरूंनी फिरायची वाट. ही झाली मूळ कल्पना.

पुढं १००९ साली फातिमी खलिफा अल हाकिमनं ते चर्च पाडून टाकलं, १०४८ च्या सुमारास बायझंटाइन बादशहाच्या पैशानं गोल भाग परत उभा राहिला, आणि १०९९ मध्ये पहिल्या क्रुसेडचे, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयुद्धाचे लोक यरुशलेमात घुसले तेव्हा त्यांनी बघितला तो हा परत बांधलेला गोल. तो बघून आलेल्या लोकांनी आपापल्या गावात तसं बांधायला घेतलं. नॉर्दॅम्प्टनचं गोल चर्च ११०० च्या सुमाराचं, ते सिमोन दि सेनलिस नावाच्या क्रुसेडवरून परतलेल्या सरदाराचं. केंब्रिजचं ११३० च्या आसपासचं, रॅम्सीच्या मठाधिपतीनं जागा दिली आणि होली सेपल्करच्या नावानं जमलेल्या एका बंधुमंडळानं ते बांधलं. जागाही बघा, ब्रिज स्ट्रीट हा रोमन काळापासूनचा रस्ता, पूल ओलांडून येणाऱ्या वाटसरूंसाठी ते रस्त्याकडेचं प्रार्थनास्थळ होतं.

आता कोणी म्हणेल की यरुशलेमचं मोठं चर्च कुठं आणि हे एवढंसं कुठं. पण त्या काळी नक्कल म्हणजे टेप लावून मापं घेतलेली नक्कल नव्हे. आपल्या कोल्हापूरजवळ नंदवाळला प्रतिपंढरपूर म्हणतात, तिथं आषाढीला दिंड्या जातात, पण म्हणून कोणी दोन्ही देवळांची मापं जुळवून बघत नाही, ज्याला पंढरीला जाणं झालं नाही त्याचं मन तिथं पोचतं एवढं पुरतं. तसंच हे. गोल आकार आला, खांबांची ठरावीक संख्या आली आणि नाव तेच ठेवलं की ते यरुशलेमच. आठ आकड्यालाही आमच्यात अर्थ आहे, आठवड्याचे सात दिवस सरले की येणारा आठवा दिवस म्हणजे पुनरुत्थानाचा रविवार. बाप्तिस्म्याची जुनी कुंडं अष्टकोनी असतात ती त्यामुळंच.

मी स्वतः यरुशलेमला गेलो नाही, आमच्या आजीची फार इच्छा होती, तिचीही राहून गेली. त्यामुळं तुमची पोस्ट वाचून आत काहीतरी हललं.

मावळा_निपाणी

गोल चर्च म्हणजे टेम्पलर योद्ध्यांचं असतं ना? त्यांचे गुप्त विधी चालायचे म्हणून गोल बांधायचे असं एका व्हिडिओत बघितलं. आणि दुसरं असं की कोपरा नसला की सैतानाला लपायला जागा राहत नाही म्हणून गोल, हे पण ऐकलंय.

कॅम्प_बेळगाव

निपाणीकर दादा, टेम्पलरांचं लंडनमधलं, टेंपल चर्च. त्याचा गोल भाग ११८५ च्या फेब्रुवारीत यरुशलेमचा पॅट्रिआर्क, म्हणजे मुख्य धर्मगुरू, हेराक्लियस यानं स्वतः येऊन समर्पित केला. केंब्रिजचं त्याच्या पन्नास-एक वर्षं आधीचं, टेम्पलरांचा त्याच्याशी संबंध नाही. आणि लंडनचं सुद्धा गोल आहे ते त्याच कबरीच्या आठवणीनं, गुप्त विधींचं काही नाही त्यात. त्या योद्ध्यांचं सगळं नाव आणि काम यरुशलेमशी बांधलेलं होतं. विल्यम मार्शल नावाचा मोठा सरदार १२१९ मध्ये वारला तो तिथंच पुरलाय, अशा सरदारांच्या दगडी मूर्ती गोलाच्या मधे जमिनीवर आडव्या आहेत. यरुशलेमच्या कबरीसारख्या जागेत आपली कबर असावी, म्हणजे आपणही उठू, ही त्यामागची आशा. १९४१ च्या मे महिन्यात बॉम्बहल्ल्यात छप्पर जळून त्या मूर्तींवर कोसळलं, नंतर सगळं दुरुस्त केलं.

सैतानाच्या कोपऱ्याची गोष्ट स्कॉटलंडच्या आयला बेटावर बोमोर गावात सांगतात, तिथलं गोल चर्च १७६७ चं. लोककथा म्हणून गोड आहे, आमच्या संडे स्कूलच्या पोरांना पण आवडेल.

चिकोडी_सिव्हिल

बाईंच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो कारण हा माझ्या कामाचा विषय आहे, मोठं होईल, सांभाळून घ्या.

आधी आखणी. गोल आखायला फार काही लागत नाही, मधे खुंटी ठोकायची, दोरी बांधायची आणि फिरवायची. आतला गोल खांबांचा, बाहेरचा भिंतीचा, दोन्हीची खुंटी एकच. आठ भाग पाडायचे म्हणजे गोलात आधी चौकोन आणि मग प्रत्येक बाजूचा अर्धा, तेही दोरीनंच होतं. त्यामुळं ज्या गवंड्याला लिहिता वाचता येत नव्हतं त्यालाही हे अचूक जमायचं.

आता वजन. कमानीचा स्वभाव असा की तिच्यावर भार आला की ती पाय फाकवते, बाहेर ढकलते. सरळ भिंतीत दोन कमानी शेजारी शेजारी असल्या की एकमेकींना रेटून धरतात पण टोकाच्या कमानीला कोणीतरी आधार द्यावा लागतो. गोलात टोकच नसतं! आठही कमानी एकमेकींचा हात धरून उभ्या, फुगडीच्या रिंगणासारख्या. राहिला बाहेरच्या दिशेचा रेटा, तो बाईंनी फेरी मारली त्या वाटेवरच्या दगडी छतातून बाहेरच्या जाड भिंतीत जातो आणि भिंत तो जमिनीत उतरवते. म्हणजे ती वाट नुसती फिरायची नाही, सगळ्या इमारतीला चारी बाजूंनी धरून ठेवणारा तो पट्टा आहे. नॉर्मन, म्हणजे त्या बाराव्या शतकातल्या, गवंड्यांना भाराची आकडेमोड येत नव्हती म्हणून त्यांनी खांब जाड आणि बुटके ठेवले, भिंती जाड ठेवल्या, खिडक्या लहान ठेवल्या. भीतीपोटी केलेलं ते काम आज नऊशे वर्षं टिकलंय.

आणि ते कसं बिघडलं तेही ऐका, कारण आपल्या भागातल्या प्रत्येक देवस्थान कमिटीनं ऐकावं असं आहे. पंधराव्या शतकात लोकांनी लहान खिडक्या काढून मोठ्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानीच्या, खिडक्या बसवल्या आणि गोलाच्या डोक्यावर घंटेसाठी बहुकोनी मनोरा चढवला. मूळ बांधकाम त्या वजनासाठी केलेलंच नव्हतं. भिंती कुरकुरत राहिल्या आणि १८४१ मध्ये वाटेवरच्या छताचा एक भाग खाली आला. मग केंब्रिज कॅम्डन सोसायटी म्हणून जुन्या चर्चचा अभ्यास करणारी मंडळी होती ती पुढं आली, अँथनी साल्विन हा आर्किटेक्ट नेमला, त्यानं मनोरा उतरवला, गॉथिक खिडक्यांच्या जागी परत नॉर्मन धाटणीच्या बसवल्या आणि वर टोकदार छप्पर घातलं. म्हणजे बाई, तुम्हाला गंजीसारखं जे टोक दिसलं ते ११३० चं नाही, १८४० च्या दशकातलं आहे. मूळ असंच असणार या अंदाजानं केलेलं. खर्चाचं सांगायचं तर सुरुवातीचा अंदाज एक हजार पौंडांचा होता, शेवटी जवळपास चार हजार लागले. जुन्या इमारतीचं काम ज्यानं केलंय त्याला यात नवल वाटणार नाही, भिंत उघडल्याशिवाय आतलं कळत नाही.

आमच्या भागातल्या एका गावात दगडी मंडप होता, सुंदर, कातीव खांब. लोकवर्गणी जमली आणि त्याच्या डोक्यावर स्लॅब टाकून आरसीसीचं शिखर चढवलं. मला दाखवायला बोलावलं तेव्हा दोन खांबांना उभ्या भेगा गेल्या होत्या आणि तुळईचा दगड मधे तडकला होता. मी सांगितलं की हे उतरवा, तर म्हणाले देवाचं काम आहे, उतरवायचं कसं. रात्रभर झोप लागली नाही मला. केंब्रिजवाल्यांनी छत पडल्यावर तरी उतरवलं.

खानापूरची_चित्रकलाबाई

सर, फुगडीचं रिंगण वाचून स्केच परत काढलं आणि त्यात बाणांनी रेटा दाखवला, मुलांना एका बघण्यात कळेल.

एक राहिलं, कॅम्पवाले दादा. आत गोलाला लागून पूर्वेकडं लांबट भाग पण आहे, त्याच्या लाकडी छताला पंख पसरलेले देवदूत कोरलेत. तो नंतरचा का?

कॅम्प_बेळगाव

देवदूत पंधराव्या शतकातले. गोल फिरण्यासाठी चांगला, पण उपासनेला अडचणीचा. पाळक उभा कुठं राहणार, लोक कुणाकडं तोंड करणार? वाटसरूंचं प्रार्थनास्थळ होतं तोवर चाललं, तेराव्या शतकात ते त्या वस्तीचं नेहमीचं चर्च झालं, मग दर रविवारी माणसं बसायला लागली. त्यामुळं पूर्वेचा भाग वाढत गेला. लंडनमध्ये पण तेच, गोलाला जोडून १२४० मध्ये मोठा सरळ हॉल झाला.

आणि १८४० च्या दुरुस्तीत त्या सोसायटीनं लाकडी वेदी काढून दगडाची बसवली तेव्हा कोर्टात केस झाली, कारण प्रोटेस्टंट पद्धतीत ते प्रभुभोजनाचं मेज आहे, बळी द्यायची वेदी नव्हे. १८४५ मध्ये निकाल दगडाच्या विरुद्ध लागला आणि परत लाकडी मेज आलं. मेज लाकडाचं की दगडाचं यात त्यांना आपली सगळी श्रद्धा दिसत होती, मला दोन्ही बाजू समजतात. १९९४ मध्ये मंडळी मावेनाशी झाली तेव्हा ती जवळच्या दुसऱ्या चर्चमध्ये गेली, म्हणून तुम्हाला तिथं आता बघायला येणारेच जास्त दिसले असतील.

गडहिंग्लज_ते_चेन्नई

आपल्या देशात हाय की गोल चर्च! मी सात वर्षं चेन्नईत हाय कामाला, एग्मोर स्टेशनच्या जवळ सेंट अँड्र्यूज चर्च, इथं सगळे नुसतं 'द कर्क' म्हणतात. पहिल्यांदा पावसात अडकलो म्हणून आत शिरलो तर वर बघून उभाच राहिलो ओ, निळाशार घुमट आणि त्यात सोनेरी चांदण्या, खाली सोळा खांब गोलात. मधे एकसुद्धा खांब आडवा येत नाही नजरेला.

एप्रिल १८१८ मध्ये पायाभरणी आणि फेब्रुवारी १८२१ मध्ये चालू, ईस्ट इंडिया कंपनीतल्या स्कॉटिश लोकांसाठी. बांधणारा मद्रास इंजिनियर्सचा मेजर डी हॅविलंड. जागा पाणथळ, कूम नदीजवळची, तर साध्या पायावर उभं राहणार नाही म्हणून त्यानं तिथली जुनी पद्धत घेतली, जमिनीत विटांच्या विहिरी उतरवायच्या आणि त्यांच्यावर पाया बसवायचा. दोनशे वर्षं झाली, कितीतरी पूर आले चेन्नईला.

चिकोडीकर सर, हा डी हॅविलंड आपल्या कर्नाटकात पण होता आधी. श्रीरंगपट्टणला त्यानं शंभर फुटांपेक्षा जास्त लांबीची विटांची एक चपटी कमान उभी केली होती, एवढी लांब कमान राहते हे लोकांना दाखवायला. ती शंभर वर्षांच्या वर उभी होती, १९३० च्या दशकात पडली.

पण इथला गोल कबरीसाठी नाही. हे स्कॉटिश प्रोटेस्टंट, यांच्यात प्रवचन महत्त्वाचं, तर सगळ्यांना पाळक दिसला पाहिजे आणि ऐकू आला पाहिजे. नकाशाची कल्पना लंडनच्या सेंट मार्टिनच्या चर्चची, तिथला आर्किटेक्ट जेम्स गिब्स, त्यानं आधी गोलच काढलं होतं पण महाग पडतंय म्हणून ते रद्द झालं, मग त्यानं तो नकाशा १७२८ च्या आपल्या पुस्तकात छापला. लंडनला जे परवडलं नाही ते मद्रासला झालं.

म्हणजे एक गोल फिरायसाठी आणि एक गोल बसून ऐकायसाठी. बाई, पोरांना हे सांगा.

कमलबस्ती_जवळ

इतकं सगळं झालं आणि आपल्या घरचं कोणीच काढेना म्हणून लिहितोय. बाईंना फेरी मारावीशी वाटली त्याला आपल्याकडचा पुरावा जुन्नरला आहे, तुळजा लेणी. डोंगरात कोरलेलं गोल चैत्यगृह, मधे स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांब, वर घुमट आणि खांबांच्या मागून प्रदक्षिणेची वाट. दोन हजार वर्षं जुनं. यरुशलेमच्या त्या गोलाच्याही आधीचं आहे, आणि मांडणी बघा, मधे पूज्य वस्तू, भोवती खांब, मागून वाट. कुणी कुणाचं बघून केलं असं मी म्हणत नाही. ज्याच्याभोवती माणसाला फिरावंसं वाटतं त्याला भिंत गोलच पडते.

आणि घुमटाचं म्हणाल तर बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती हे जैन मंदिर आहे. १२०४ ची, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या मंत्र्यानं बांधलेली, आत नेमिनाथ. तिच्या मंडपाचं छत म्हणजे उलटं लोंबणारं दगडी कमळ. आता चिकोडीकर सरांनी सांगितली तशी कमान त्यात कुठंच नाही. दगडाचं एक कडं, त्याच्यावर थोडं आत सरकवलेलं दुसरं, मग तिसरं, असं करत मधे मिटवलंय आणि मग कोरलंय. चुना नाही, कमानीला मधे अडकवतात तो चावीचा दगड नाही. तेच विजापूरला गोलघुमटात गेलात तर तिथं चुना आणि विटांचा घुमट, आतून १२४ फुटांच्या आसपास रुंद, आणि खाली खोली चौकोनी! चौकोनावर गोल बसवायला एकमेकींना छेदणाऱ्या कमानींचं जाळं केलंय. बेळगावातून निघालं की एका दिवसात बघून येता येतं. मी हे दोन्ही इतक्या वेळा बघितलंय, पण केंब्रिजच्या निमित्तानं आज पहिल्यांदा एका ओळीत मांडून विचार केला.

चिकोडी_सिव्हिल

कमल बस्तीबद्दल एवढंच जोडतो की दगडाची कडी आत सरकवत नेली तरी प्रत्येक कडं पूर्ण गोल असल्यामुळं त्यातले दगड एकमेकांना दाबून धरतात, आत पडायला जागाच उरत नाही. चौकोनी छतात हा फायदा मिळत नाही. म्हणजे कमान नसली तरी फुगडी इथं पण आहेच.

खानापूरची_चित्रकलाबाई

सगळ्यांचे मनापासून आभार. कॅम्पवाले दादा, तुमच्या आजींचं वाचून केंब्रिजच्या त्या वाटेवरची माझी फेरी त्यांच्या नावानं लावली, चालेल ना तुम्हाला?

आता ठरवलंय असं की पहिल्या तासाला मुलांना शाळेच्या मैदानात खुंटी आणि दोरीनं दोन गोल आखायला लावायचे, आठ मुलांना खांब करून हात धरून उभं करायचं, आणि मग शनिवारी किल्ल्यात कमल बस्तीत नेऊन ते छत काढायला बसवायचं. केंब्रिज त्यांना कुठलं दिसायला, हे तर तासाभराच्या अंतरावर आहे. फक्त छत काढायचं म्हणजे मान मोडते हो, मी स्वतः कॉलेजात असताना तिथं बसले होते, दहा मिनिटांत पाठ धरली होती.

कॅम्प_बेळगाव

आजीला फार बरं वाटलं असतं बाई. चालेल म्हणजे काय.

कमलबस्ती_जवळ

मान वर करू देऊ नका, चार मुलांत मिळून एक आरसा आणायला सांगा घरातला. कमळाच्या बरोबर खाली जमिनीवर ठेवायचा आणि भोवती बसून खाली बघत काढायचं. सकाळी लवकर या, दारातून ऊन तिरकं आत येतं तेव्हा पाकळ्यांची खोली आरशात स्वच्छ दिसते, नंतर मंडपात अंधारून येतं. आणि जमीन गार असते, बसायला सतरंजी आणा.